चिमाजीचं लाईटचं कार्ड

१

चिमाजी गेला तेव्हा त्याच्या अंगावर हातभर कातडीसुद्धा धड राहिली नव्हती म्हणतात. मी पाहिलं नाही. जिवंतपणीही त्याला कधी पाहिलं नव्हतं. सत्तावन्न वर्षांचा, निघोजे गावचा, चाकणच्या एका कंपनीत मशीनवर काम करणारा माणूस. वीस वर्षं सोरायसिसचे खवले अंगावर घेऊन फिरला. मग चार महिने चिंचवडच्या एका स्किन क्लिनिकमध्ये लाईट, म्हणजे अतिनील किरणांचा उपचार, घेतला. शेवटी अंगभर फोड आले, ते फुटले, रक्तात जंतू गेले आणि दवाखान्यात नेल्यावर चौथ्या दिवशी संपला. दवाखान्यातल्या कागदावर लिहिलंय, ‘लाईटच्या उपचाराने भाजले.’ आणि रोज किती लाईट दिला हे ज्या कार्डावर लिहितात, ते चिमाजीचं कार्ड क्लिनिकमधून गायब होतं.

हे मला बुद्धरत्ननं सांगितलं, बुधवारी सकाळी, निगडीच्या माझ्या घरात बसून. मी जयसिंग. भोसरीच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर होतो. आता रिटायर आहे आणि बायको इंद्रायणीच्या मते भाजीवाल्यापासून पेपरवाल्यापर्यंत सगळ्यांना रिजेक्ट करत बसतो. बुद्धरत्न माझ्या लाईनवरचा. वीस वर्षं आम्ही एकाच बाकावर डबा खाल्ला. कासारवाडीला राहतो. त्याच्याबरोबर त्याची मुलगी मैत्री होती. तीच त्या क्लिनिकमध्ये पेशंटना लाईट द्यायची.

“जयसिंगराव, पोरीकडून सही मागताहेत,” बुद्धरत्न म्हणाला.

“कसली?”

मैत्रीनं बॅगेतून कागद काढला. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं, पण आवाज स्थिर होता. “काका, माझ्या हातून डोस जास्त गेला, असं लिहिलंय यात. चिमाजीआप्पांचा मुलगा आहे, गणराज. त्यानं आमच्या डॉक्टर मॅडमना सांगितलंय, शनिवारपर्यंत चूक कुणाची ते लेखी द्या, नाहीतर सोमवारी पोलिसांत जातो. मॅडम म्हणतात, मशीन बरोबर आहे, कार्ड सापडत नाही, मग चूक तुझीच असणार.”

“आणि तुझी आहे का?”

बुद्धरत्ननं माझ्याकडे असं पाहिलं की मला माझीच लाज वाटली. पण विचारणं भाग होतं.

“नाही,” मैत्री म्हणाली. “पण ते माझ्याच हाताखाली लाईट घेत होते. रात्रभर मी सेकंद मोजत बसते, काका. कुठं चुकले असेन का म्हणून.”

बारावीनंतर कोर्स करून लागलेली पोरगी. त्या कागदावर सही केली तर पुन्हा कुठल्या दवाखान्यात कुणी दारात उभं करणार नाही, आणि वर केस होईल ती वेगळीच. मी पायात चपला सरकवल्या. इंद्रायणी आतून म्हणाली, “नाष्टा तरी करून जा.” मी ऐकलं नाही, ती माझी जुनीच खोड आहे.

२

क्लिनिक चिंचवड स्टेशनच्या अलीकडे, पहिल्या मजल्यावर. लाईटची पेटी म्हणजे माणसाच्या उंचीचं उभं कपाट. आत चारी बाजूंनी नळ्या. पेशंटनं डोळ्यांना काळा चष्मा लावायचा, अंगावर फक्त चड्डी ठेवायची आणि दार लावून आत उभं राहायचं. पहिल्या दिवशी काही सेकंद, मग हळूहळू वाढवायचं. आठवड्यातून तीन दिवस.

पेटीला किती तास चालली ते सांगणारा मीटर होता. मला जरा आशा वाटली, पण ती फुकट गेली. मीटर तासांत चालतो आणि आमचं भांडण सेकंदांचं होतं.

“कार्ड कुठं असतं?” मी मैत्रीला विचारलं.

“काउंटरवरच्या डब्यात. पेशंट आला की स्वतःचं कार्ड घेऊन आत येतो. मी डोस लिहिते, तो सही करतो आणि जाताना परत डब्यात टाकतो.”

“म्हणजे कार्ड पेशंटच्या हातात असतं.”

“हो. पण घरी कोण नेईल? लाईटशिवाय त्याचा काही उपयोग नाही.”

हे मी डोक्यात ठेवलं. “आणि फोड? तुला कधीच दिसले नाहीत?”

“दिसले होते. शेवटच्या दिवशी. डाव्या मनगटावर दोन. टपोरे, पाण्यानं भरलेले. मी विचारलं तर म्हणाले, कंपनीत मशीनवरची गरम चिप, लोखंडाचा कीस, उडाली. मी तसं कार्डावर लिहिलं आणि मॅडमना सांगितलं. मॅडम म्हणाल्या, मनगट झाकून चालू ठेव. मी बँडेज गुंडाळून लाईट दिला. त्यानंतर ते आलेच नाहीत.”

क्लिनिकच्या मालकीणबाई डॉक्टर मोनिका. चाळिशीच्या, चांगल्या घरच्या, आणि त्या दिवशी खूप घाबरलेल्या. मला खुर्ची दिली पण स्वतः उभ्याच राहिल्या.

“मैत्रीनं तुम्हाला मनगटाच्या फोडांचं सांगितलं होतं?”

“दिवसाला साठ पेशंट असतात. मला आठवत नाही.” हे बोलताना त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या.

“बरं. लाईट जास्त झाला तर काय होतं?”

“एक-दोन दिवसांत अंग लाल होतं, आग होते. फारच झाला तर फोड येतात.”

“कुठं?”

“कुठं म्हणजे? जिथं लाईट पडला तिथं.”

“आणि जिथं पडला नाही तिथं?”

“तिथं कसे येतील?” असं म्हणून त्या थांबल्या, कपाळाला आठ्या घातल्या, पण पुढं काही बोलल्या नाहीत. मीही विचारलं नाही. ती माझी चूक झाली, तेव्हाच विचारायला हवं होतं.

निघताना त्यांनी हळूच सांगितलं, “मला त्या मुलीचं वाईट करायचं नाही हो. पण कार्ड नाही. कार्डाशिवाय मी काय दाखवू?”

३

आमच्या कारखान्यात एक पद्धत होती. माल खराब निघाला की पहिलं ‘का’ विचारायचं. उत्तर आलं की त्याच्यावर दुसरं ‘का’. असं पाचदा. पहिल्या उत्तरावर माणूस दुसऱ्याचं नाव घेतो, पाचव्यापर्यंत आलं की खरं काय ते सांगतो. आयुष्यभर लोकांनी मला या सवयीपायी शिव्या घातल्या.

माझं पहिलं ‘का’ सरळ होतं. गरम चिप उडून भाजलं असेल तर कंपनीत त्याची नोंद का नसावी? गुरुवारी मी चाकणला गेलो.

कंपनीच्या गेटवर मोठा बोर्ड होता, ‘अपघाताविना दिवस’, आणि त्याखाली पाटीवर ३०६. सेफ्टीचं काम बघणारा नवनाथ गेटवरच भेटला. पस्तिशीचा, बीड जिल्ह्यातला. बोलायला मोकळा होता, फक्त चिमाजीचं नाव काढलं आणि त्याचं बोलणं आटलं.

“चिप लागून भाजल्याची नोंद आहे?”

“न्हाई साहेब. चिप लागलीच नव्हती.”

“क्लिनिकमध्ये तर त्यांनी तसंच सांगितलं.”

नवनाथनं माझ्याकडे नीट पाहिलं. “काय सांगता? मी स्वतः विचारलं होतं. मनगटावर फोड दिसले, म्हटलं मामा, चिप उडाली का? तर म्हणाले, न्हाई रे बाबा, मी ते लाईट घेतो ना, त्यानं आलेत.”

आता बघा. कंपनीत सांगितलं लाईटनं आले, आणि लाईटवालीला सांगितलं कंपनीत आले. एकच माणूस, एकच मनगट.

“मग तुम्ही काय केलं?”

“मी म्हटलं, क्लिनिकचा कागद आणून दाखवा. नाहीतर मला अपघात लिहावा लागंल.” तो बोर्डाकडे बघत बोलत होता. “तुम्हाला माहीतच आहे, अपघात लिहिला की तो आकडा शून्य होतो. तीनशे झाले की सगळ्या डिपार्टमेंटला बक्षीस. मागच्या साली एकाचं बोट कापलं, दोनशे ऐंशीव्या दिवशी. त्याला सगळे झिरो म्हणायला लागले. कँटीनमध्ये, बसमध्ये, सगळीकडं झिरो. दोन महिन्यांत सोडून गेला बिचारा. मामांनी ते बघितलं होतं.”

“कागद आणला त्यांनी?”

“न्हाई. दुसऱ्या दिवसापासून फुल बाह्यांचा शर्ट घालून यायला लागले.”

“आणि तुम्ही पुन्हा विचारलं नाही.”

त्यानं बोर्डाकडे पाठ फिरवली. मग म्हणाला, “तीनशेव्या दिवशी सगळ्यांना कुकर वाटले, साहेब. मामांचा कुकर अजून माझ्या टेबलाखाली आहे. घरी कोणत्या तोंडानं नेऊन देऊ, तुम्हीच सांगा.”

मला काय सांगता येणार होतं? त्याचा राग यायला हवा होता, पण आला नाही.

गेटबाहेर येऊन मी चहा घेतला आणि विचार केला. कंपनीला दाखवायला चिमाजीला क्लिनिकचा कागद हवा होता, म्हणून त्यानं स्वतःच कार्ड खिशात घातलं. पण त्या कार्डावर मैत्रीनं लिहून ठेवलं होतं, ‘कंपनीत चिप उडाली.’ ते नवनाथला दाखवलं असतं तर लगेच अपघात लिहिला गेला असता. ते परत द्यायला क्लिनिकमध्ये गेला असता तर डॉक्टरनं मनगट बघितलं असतं. त्याची दोन्ही खोटी उत्तरं त्या एका कार्डावर समोरासमोर आली होती. म्हणजे कार्ड कुणी चोरलं नव्हतं. ते त्याच्या घरीच होतं.

४

निघोज्यात चिमाजीचं घर रस्त्याला लागूनच होतं. पुढं दोन खोल्या भाड्यानं दिलेल्या, मागं स्वतःची माणसं. दारातच गणराज भेटला. तिशीचा, डोळे तांबारलेले.

“कंपनीकडनं आलाय का क्लिनिककडनं?”

“कुणाकडनंच नाही. ती मैत्री आहे ना, तिच्या बापाचा मी दोस्त.”

खोटं बोललो असतो तर आत घेतलं असतं कदाचित. गणराजनं दार अडवलं. “तिला सोडवायला आलाय होय? निघा. माझ्या बापाला उभं भाजलं तिनं.”

“गणराज, आत येऊ दे त्यांना,” आतून आवाज आला. “दारात आल्यालं मानूस हाय.” चिमाजीची बायको कौशल्याबाई चुलीजवळच्या ओट्यापाशी उभी होती. पांढरे केस, कोरडा चेहरा. तिनं चहा ठेवला.

गणराज माझ्यासमोर बसला. त्याचा राग फार वेळ टिकला नाही. “काका, चार महिन्यांत आप्पांची कातडी कशी झालती सांगू? लहान पोरासारखी. वीस वर्षांत पैल्यांदा हाफ शर्ट घेतला त्यांनी. तो बघा तिथं अडकवलाय. लगीनसराईतबी घालणार व्हते. आमच्या घरात लोक पाणी प्यायला कचरायचे, त्यांच्या अंगाकडं बघून. तो मानूस हाफ शर्ट घालून पारावर जाऊन बसला. आन एका महिन्यात गेला.”

खुंटीवर निळा हाफ शर्ट होता. तेव्हा मला चिमाजीच्या दुसऱ्या खोट्याचं कारण कळलं. फोड लाईटनं आलेत असं क्लिनिकमध्ये म्हणाला असता तर त्यांनी लाईट बंद केला असता, आणि खवले परत आले असते.

“फोड आले तेव्हा तू काय केलंस?”

“मला कळलंच न्हाई. मी घरी यायच्या टायमाला ते झोपल्यालं, ते उठायच्या टायमाला मी कंपनीत. ताप भरला तेव्हा सदरा काढला, तवा बघितलं. सगळं अंग सोलल्यालं.” त्यानं तोंडावर हात ठेवला. “बापाचं अंग मी महिनाभरात बघितलं नव्हतं, काका.”

“वहिनी, तुम्हाला काही माहीत होतं?”

“मला काय म्हाईत न्हाई,” कौशल्याबाई म्हणाली आणि ओटा पुसायला लागली.

कार्डाचं विचारलं, तर गणराजला खरंच माहीत नव्हतं. ती मात्र पुसतच राहिली, एकच जागा परत परत. मी तिच्या हातातल्या फडक्याकडे पाहत होतो. जुनी सवय, वस्तू दिसली की नजर तिच्या कडेवर जाते. ते फडकं म्हणजे पुरुषाची चड्डी होती, चांगली नवी, अजून रंग न गेलेली. कमरेचं इलास्टिक हातानं उसवून काढलेलं आणि त्या जागी लुगड्याच्या मऊ काठाची नाडी ओवलेली.

नव्या चड्डीचं इलास्टिक कुणी का उसवेल?

उत्तर मला बाहेर पडून रस्त्यावर आल्यावर सुचलं आणि मी तिथंच एका दुकानाच्या पायरीवर बसलो.

५

शुक्रवारी गणराज पहिल्या शिफ्टला गेल्यावर मी परत गेलो. कौशल्याबाईला मी येणार हे ठाऊक असावं. तिनं आज चहा विचारला नाही.

“वहिनी, इलास्टिक तुम्ही उसवलं ना?”

ती खाली बसली. मग उठून धान्याच्या कोठीमागून एक जाड पिवळं कार्ड काढून माझ्यासमोर ठेवलं. “हे शोधताय ना? मला वाचाया येत न्हाई. ते म्हनले, लपीव, कुनाला दावू नको. म्हनून लपीवलं.”

कार्ड मी दोनदा वाचलं. मैत्रीचं अक्षर बारीक आणि नीट. डोस हळूहळू वाढत गेलेले, कुठंही उडी नाही. शेवटच्या ओळीत, ‘डाव्या मनगटावर दोन फोड. कंपनीत गरम चिप उडाल्याचे सांगितले. मॅडमना कळवले.’ खाली चिमाजीची सही.

पण नुसत्या कार्डानं भागणार नव्हतं. डोस पोरीनं स्वतःच लिहिलेले. दिला जास्त आणि लिहिला कमी, असं कुणीही म्हणू शकलं असतं. मला चिमाजीचा पहिला फोड हवा होता.

“पहिला फोड कुठं आला, वहिनी?”

तिनं मान खाली घातली. “तुमी परके पुरुष. तुमाला कसं सांगू?”

“मी म्हातारा आहे. सांगा.”

“कमरंला. चड्डीचा पट्टा बसतो तितं, आत. मग जांगंत. चांगल्या कातडीवर, खवल्यावर न्हवं. लई खाजवायचे. पट्टा घासला की वरडायचे, म्हनून म्या नाडी घातली. आठ दिस तेवढंच व्हतं. मनगटाला मागनं आलं.” पदरानं तिनं तोंड पुसलं. “रोज कडुलिंबाच्या पान्यानं म्या अंग पुसायचे. म्हनायचे, कौसल्ये, तीनशे दिस हुंदे, मग दाखवू. पोराला सांगू नको, तो दवाखान्यात नेईल.”

“किती दिवस?”

“सतरा.”

लाज वाटेल अशा जागेचा फोड. त्याचा फोटो कोण काढून ठेवणार? पाहिलेलं माणूस जगात एकच, आणि ते माझ्यासमोर बसलं होतं.

“वहिनी, उद्या क्लिनिकमध्ये एवढंच सांगा. चड्डीखाली लाईट पोचत नाही. पहिला फोड तिथं आला असेल तर तो पोरीच्या हातून भाजल्याचा फोड नाही. तुम्ही बोललात तर ती सुटेल.”

“आन गणराज?”

ती काय विचारत होती ते मला कळत होतं. सतरा दिवस आईला माहीत होतं, हे पोरानं सगळ्यांसमोर ऐकायचं.

“तो माज्याकडं कसा बघंल, दादा? मला एकच लेक हाय.”

“मी तुमच्यावर जोर करणार नाही,” मी म्हणालो. खरं तर जोर करायचा म्हणूनच मी गेलो होतो. कार्ड तेवढं तिनं मला नेऊ दिलं. उद्या येते म्हणाली नाही आणि येत नाही असंही म्हणाली नाही.

६

शनिवारी अकराला क्लिनिक बंद ठेवलं होतं. डॉक्टर मोनिका टेबलामागं. बाकावर मैत्री आणि बुद्धरत्न, बापानं पांढराशुभ्र शर्ट घातलेला, कोर्टात आल्यासारखा. मी नवनाथला बोलावलं होतं, तो दारापाशी उभा होता. गणराज आला आणि त्याच्या मागं कौशल्याबाई. ती कोपऱ्यातल्या खुर्चीत बसली, कुणाकडेही न बघता.

मी कार्ड टेबलावर ठेवलं. डॉक्टरांचा चेहरा उतरला.

“हे चोरीला गेलं नव्हतं,” मी म्हणालो. “चिमाजींनी स्वतः नेलं. कंपनीत त्यांनी सांगितलं फोड लाईटचे आहेत, आणि इथं सांगितलं कंपनीतले आहेत. नवनाथभाऊ?”

“खरं आहे,” नवनाथ म्हणाला. “मी कागद मागितला होता. नंतर मी सोडून दिलं. बोर्डापायी.”

“मॅडम, शेवटची ओळ वाचा.”

डॉक्टरांनी वाचली. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला. “मैत्रीनं सांगितलं होतं मला. आत्ता आठवलं असं म्हणणार नाही, पहिल्यापासून आठवत होतं. मीच म्हटलं चालू ठेव. ते मनगट मी उठून बघायला हवं होतं.”

बुद्धरत्ननं मैत्रीचा हात धरला. पण गणराज उभा राहिला. “म्हंजे काय? फोड कंपनीचे का लाईटचे? डोस हिनंच लिवलेत. जास्त देऊन कमी लिवले नसतील कशावरनं? हे समदे मिळून माझ्या आप्पांनाच खोटं पाडायला निघालेत. म्या सोमवारी जाणार म्हंजे जाणार.”

त्याच्या जागी मीही हेच म्हटलं असतं. माझ्याकडं पुढचं उत्तर होतं, पण ते माझं नव्हतं. मी मुद्दाम कोपऱ्याकडे पाहिलं नाही. मैत्री खाली मान घालून बसली होती. ती ओरडली असती, रडली असती तर बरं झालं असतं.

“गण्या, खाली बस,” कौशल्याबाई म्हणाली.

मग तिनं सांगितलं. कमरेचा पट्टा, जांग, नाडी, कडुलिंबाचं पाणी, सतरा दिवस. परक्या पुरुषांसमोर, पोराच्या समोर, एकही शब्द न गाळता. फक्त बोलताना ती सगळा वेळ मैत्रीकडे बघत होती, गणराजकडे एकदाही नाही.

डॉक्टर मोनिका उठून तिच्यासमोर येऊन बसल्या. “आजी, फोड टपोरे होते? लगेच फुटत नव्हते? खाज सुटायची?”

“व्हय.”

“चड्डीखाली आणि चांगल्या कातडीवर. आधी तिथं, मनगटावर नंतर.” त्या आमच्याकडे वळल्या. “हे भाजणं नाही. पेम्फिगॉइड म्हणतात याला. शरीराला स्वतःचीच कातडी परकी वाटायला लागते आणि ते तिच्यावर उलटतं. फार क्वचित, एखाद्यालाच, लाईटच्या उपचारानंतर असं सुरू होतं. डोस बरोबर असला तरी. मग जिथं लाईट गेला नाही तिथंही फोड येतात. दवाखान्यात नेलं तेव्हा सगळं अंग सोललेलं होतं, त्यामुळे कुणाला ओळखता आलं नाही.” त्यांनी मैत्रीसाठी केलेला कागद उचलला आणि मधोमध फाडला. “मैत्रीची काही चूक नाही. मी लेखी देते. माझी आहे, तीही लिहीन.”

बुद्धरत्न रडायला लागला. एवढ्या वर्षांत मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं. मैत्री सुटली होती, आणि मला वाटलं होतं त्याच्या निम्मासुद्धा आनंद मला होत नव्हता. गणराज भिंतीकडे तोंड करून उभा होता.

“डाक्टरीनबाई,” कौशल्याबाई म्हणाली, “ह्याला औशिद हाय?”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली नाही, ना हो म्हणायला, ना नाही.

“आहे, आजी. गोळ्या असतात.”

“म्या पैल्या दिशी बोलले असते, तर?”

याचं उत्तर खोलीत सगळ्यांना कळलं होतं. तेवढ्यात मैत्री उठली आणि तिच्या पायाशी जाऊन बसली.

“आजी, मीपण बघितले होते फोड. मनगटावर, ह्या डोळ्यांनी. त्यांनी चिप म्हटलं आणि मी मानलं. मीपण तेव्हाच थांबवायला हवं होतं. तुम्ही एकट्या नाही.”

कौशल्याबाईनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला, अगदी मायेनं.

“न्हाई गं बाई,” ती म्हणाली. “तुला त्यांनी खोटं सांगितलं व्हतं. मला खरं दाखवलं व्हतं.”

थोड्या वेळानं गणराज भिंतीपासून वळला. त्यानं आईला दंडाला धरून उठवलं, तिच्या चपला पायापुढे सरकवल्या आणि दोघं जिना उतरून गेली. खाली तो तिच्याशी बोलला की नाही, ते मला कळलं नाही.